सायलेन्सरमधली नळी काय सांगते?

पेट्रोल पंपाच्या कडेला उभी असलेली एखादी जुनी मारुती ओम्नी, आत कसाबसा मावलेला संगणक, शेजारी गॅस ॲनालायझर आणि दारातून बाहेर लोंबणारी लांब रबरी नळी. महाराष्ट्रातल्या बहुतेक वाहनधारकांची प्रदूषण नियंत्रणाशी ओळख एवढीच. नळीचे धातूचे टोक सायलेन्सरमध्ये जाते, नंबरप्लेटचा फोटो निघतो, आकडे ‘वाहन’ या केंद्रीय संगणक प्रणालीत चढतात आणि क्यूआर कोड असलेला कागद हातात पडतो. दुचाकीला ५० रुपये, तीनचाकीला १००, पेट्रोल किंवा सीएनजीच्या मोटारीला १२५ आणि डिझेलला १५० रुपये, हे राज्याने २०२२ मध्ये ठरवलेले दर. चहाचा कप संपायच्या आत काम उरकते.

गेल्या दहा वर्षांत या स्वस्त कागदावर बरेच ओझे पडले. आधी तो विम्याला जोडला गेला, मग इंधनाला जोडण्याच्या घोषणा झाल्या. गाडी किती वर्षे रस्त्यावर ठेवायची या वादातही त्याचे नाव निघू लागले. दुसरीकडे, मुळात ही चाचणी आजच्या गाडीचे खरे प्रदूषण मोजते का, असा प्रश्न तज्ज्ञ विचारत आहेत. वाहन तपासणीच्या या वादात आज कोण काय म्हणते आणि कुठे गाडे अडले आहे, हे पाहायचे तर सुरुवात कार्ब्युरेटरच्या काळापासून करावी लागते.

स्क्रूने सुटणारा प्रश्न

पीयूसीचा, म्हणजे या प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्राचा, पाया १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. त्यातला ११५ वा नियम म्हणतो की, नोंदणीला एक वर्ष झाल्यावर प्रत्येक वाहनाजवळ वैध प्रमाणपत्र हवे. जुन्या गाड्यांना ते दर सहा महिन्यांनी घ्यावे लागते, बीएस-४ (भारत स्टेज या उत्सर्जन मानकांचा चौथा टप्पा) आणि त्यापुढच्या गाड्यांना वर्षातून एकदा. नियम आले त्या काळी रस्त्यावर प्रीमियर पद्मिनी आणि ॲम्बॅसेडर होत्या. इंजिन नुसते चालू ठेवून, म्हणजे आयडलिंगवर, कार्बन मोनॉक्साइड मोजला की मिश्रणात पेट्रोल जास्त जाते आहे का ते कळे. जास्त असेल तर मेकॅनिक कार्ब्युरेटरचा स्क्रू थोडा फिरवी आणि आकडा खाली येई. चाचणीनंतर ‘पिकअप पडला’ म्हणून तोच स्क्रू पुन्हा उलटा फिरवला जाई, हेही गॅरेजमध्ये सगळ्यांना ठाऊक होते.

गाड्या मात्र झपाट्याने बदलल्या. १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल आले. २००० च्या सुमारास भारत स्टेजची पायरी चढायला सुरुवात झाली, एप्रिल २०१७ पासून बीएस-४ देशभर लागू झाले आणि बीएस-५ गाळून १ एप्रिल २०२० रोजी थेट बीएस-६. तपासणीच्या मर्यादाही वेळोवेळी कडक झाल्या. २००० च्या आधीच्या पेट्रोल मोटारीला आयडलिंगवर ३ टक्के कार्बन मोनॉक्साइड चालतो, बीएस-४ मोटारीला फक्त ०.३ टक्के. हायड्रोकार्बनची मर्यादा १५०० पीपीएमवरून २०० वर आली. डिझेलच्या धुराची मर्यादा, ज्याला प्रकाश शोषणाचा गुणांक म्हणतात, २.४५ वरून १.६२ आणि बीएस-६ साठी ०.७ झाली.

आकडे कडक झाले, पण मोजण्याची पद्धत बव्हंशी मूळचीच राहिली. पुढच्या बहुतेक वादांचे मूळ इथे सापडते.

नापास गाडी गॅरेजमध्ये

वादात शिरण्याआधी ही चाचणी गाडीतले काय पकडते ते पाहायला हवे. त्यासाठी गॅरेजमध्ये डोकावणे बरे.

पेट्रोल गाडीचे हायड्रोकार्बन जास्त आले, तर अनुभवी मेकॅनिक आधी स्पार्क प्लग काढून पाहतो. गाडी मिसिंग करत असेल तर न जळलेले पेट्रोल तसेच बाहेर पडते, आणि प्लगच्या टोकावर काजळी किंवा ओलसरपणा दिसतो. कार्बन मोनॉक्साइड जास्त असेल तर मिश्रण दाट आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीत चोंदलेला एअर फिल्टर हे त्याचे नेहमीचे कारण असे. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत संगणक आत येणाऱ्या हवेचा अंदाज घेऊन पेट्रोल सोडतो, त्यामुळे फिल्टरचा परिणाम फारसा दिसत नाही. तिथे संशय जातो मंदावलेल्या ऑक्सिजन सेन्सरवर किंवा गळक्या इंजेक्टरवर. निळा धूर दिसला की रिंगा किंवा व्हॉल्व्हची सील गेली, काळा दिसला की इंधन जास्त, हे निदान तर चौकातला रिक्षावालाही करतो.

काही गोष्टी मात्र इतक्या उघड नसतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण ३०० अंश सेल्सियसच्या आसपास तापल्यावर नीट काम करतो. घरातून काढलेली गाडी गल्लीच्या टोकावरच्या केंद्रावर नेली, तर चांगले इंजिनही वाईट आकडे दाखवू शकते. पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवून मग नळी लावावी, हा सल्ला त्यासाठी. बीएस-४ नंतरच्या पेट्रोल गाड्यांसाठी नियमांत दुसरी पायरीही आहे. इंजिन २५०० फेऱ्यांच्या आसपास धरून कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत आणि लॅम्डा, म्हणजे हवा आणि इंधनाचे प्रत्यक्ष गुणोत्तर आदर्श गुणोत्तराच्या किती पट आहे तो आकडा, ०.९७ ते १.०३ च्या दरम्यान हवा. आता सायलेन्सरच्या जोडाशी गंजून बारीक भोक पडले असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते, ॲनालायझरला जादा ऑक्सिजन दिसतो आणि लॅम्डा मर्यादेबाहेर जातो. इंजिन ठणठणीत असते, बिघाड दोनशे रुपयांच्या वेल्डिंगचा किंवा एका गॅस्केटचा. ही पायरी काटेकोर पाळणाऱ्या केंद्रात तो पकडला जातो, न पाळणाऱ्यात कागद मिळतो आणि भोक तसेच राहते.

डिझेलची परीक्षा वेगळी. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर झटक्यात पूर्ण दाबायचा, असे सलग अनेकदा, आणि सुटणाऱ्या धुरातून किती प्रकाश आरपार जातो ते मोजायचे. जुना टायमिंग बेल्ट किंवा कमी झालेले ऑइल असलेल्या इंजिनाला हा झटका महाग पडू शकतो, त्यामुळे ऑइलची पातळी पाहिल्याशिवाय जाणता मेकॅनिक पाय दाबत नाही. बीएस-६ डिझेलमध्ये तर काजळी अडवणारा डीपीएफ असतो. साठलेली काजळी तो ६०० अंशांच्या आसपास जाळून टाकतो, पण त्यासाठी महामार्गावर सलग चालण्याची सोय लागते. रोज कोथरूड ते हिंजवडी अशा खोळंब्यात अडकणाऱ्या गाडीला ती मिळत नाही, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि मग कुणीतरी सुचवतो की तो फिल्टरच काढून टाकू. धुराच्या चाचणीत अशी गाडी कधी कधी सुटूनही जाते. त्या पद्धतीला अतिसूक्ष्म कण जवळजवळ दिसतच नाहीत.

कागदाची विश्वासार्हता

पहिला आक्षेप चाचणीच्या अंमलबजावणीवर आहे. दिल्लीतल्या वाहन प्रदूषणावरचा नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांचा म्हणजे कॅगचा अहवाल २०२५ मध्ये तिथल्या विधानसभेत मांडला गेला. मर्यादेपेक्षा जास्त प्रदूषण करणाऱ्या सुमारे १.०८ लाख वाहनांना प्रमाणपत्रे दिल्याचे त्यात नोंदले आहे. ७,६४३ वेळा तर एकाच केंद्रावर एकाच क्षणी एकाहून अधिक गाड्या तपासल्याचे दाखवले होते. एका नळीला दोन सायलेन्सर कसे लागले, याचे उत्तर आकड्यांतच आहे. त्याआधी २०१७ मध्ये भुरे लाल यांच्या अध्यक्षतेखालील पर्यावरण प्रदूषण (प्रतिबंध आणि नियंत्रण) प्राधिकरणाने सर्वोच्च न्यायालयाला दिलेल्या अहवालातही नापासांचे अत्यल्प प्रमाण आणि केंद्रांवरची ढिलाई ठळकपणे आली होती. गाडी न आणता नंबरप्लेटच्या फोटोवर पीयूसी मिळते, अशा बातम्या इतर शहरांतूनही अधूनमधून येतात.

केंद्रचालकांची बाजूही ऐकण्यासारखी आहे. लाखांत जाणारे यंत्र, त्याचे नियमित कॅलिब्रेशन, ऑपरेटरचा पगार, जागेचे भाडे आणि बदल्यात मोटारीमागे १२५ रुपये. ग्राहक गाडी सुधारायला येत नाही, कागद न्यायला येतो. एकाने नापास केले की तो पुढच्या पंपावर जातो. जून २०२१ मध्ये केंद्राने देशभर एकच नमुना, क्यूआर कोड, वाहनधारकाचा मोबाइल क्रमांक आणि नापास गाडीसाठी कारणासह ‘रिजेक्शन स्लिप’ आणली, ती काही अंशी हीच पळवाट बुजवण्यासाठी. ही स्लिप घेऊन गाडी गॅरेजमध्ये जावी, असा हेतू आहे.

सक्तीचा रस्ता

एक मोठा गट म्हणतो की चाचणी सदोष असली तरी आधी सगळ्यांनी ती करून घेऊ द्या. २०१९ च्या कायदेदुरुस्तीने शिक्षा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद इथवर गेली आणि परवाना तीन महिने स्थगित करण्याची तरतूदही आली. पण रस्त्यावर प्रत्येक गाडी अडवणार कोण?

म्हणून इतर दोऱ्या शोधल्या गेल्या. पर्यावरणविषयक वकील एम. सी. मेहता यांच्या प्रकरणात १० ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वैध पीयूसीशिवाय विम्याचे नूतनीकरण नको, असा आदेश दिला. हेतू सरळ होता, परिणाम वाकडा निघाला. पीयूसी नाही म्हणून अनेकांनी विमाही काढला नाही, आणि अपघातात सापडलेल्या तिऱ्हाइताला भरपाई मिळण्याची अडचण झाली. जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने ही अट काढून टाकली. धोरणाच्या अभ्यासकांना हे प्रकरण पुन्हा पुन्हा आठवावे असे आहे. एका जबाबदारीची किल्ली दुसरीच्या कुलपाला लावली की कधी कधी दोन्ही दारे बंद होतात.

पुढची दोरी इंधनाची. महाराष्ट्राचे परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी २०२५ मध्ये ‘नो पीयूसी, नो फ्युएल’ धोरणाची घोषणा केली. पंपावरच्या कॅमेऱ्याने नंबरप्लेट वाचायची, ‘वाहन’मध्ये नोंद तपासायची आणि वैध प्रमाणपत्र नसेल तर इंधन द्यायचे नाही, अशी ही कल्पना. दिल्लीने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये प्रदूषण शिगेला असताना हा नियम अमलात आणला. समर्थकांच्या मते पंप हा एकच टप्पा असा आहे जो कुणालाही चुकवता येत नाही. पंपचालकांना मात्र भीती वेगळी आहे: सरकारचा नियम आणि ग्राहकाचा संताप, दोन्ही त्यांच्या नोझलपाशी येऊन भिडतील. शिवाय कागद सहज मिळत असेल तर सक्तीने कागदच वाढतील, हवा सुधारेलच असे नाही, ही शंका पहिल्या आक्षेपापाशीच परत नेते.

चाचणीच बदला

दुसऱ्या बाजूच्या अभ्यासकांना मूळ पद्धतच कालबाह्य वाटते. शहरांच्या हवेसाठी आज मुख्य काळजी आहे ती नायट्रोजन ऑक्साइड्स आणि सूक्ष्म कणांची. नायट्रोजन ऑक्साइड्स प्रामुख्याने इंजिनावर भार असताना, उच्च तापमानाला तयार होतात. उभ्या गाडीच्या आयडलिंगमध्ये ते क्वचितच दिसतात, आणि आपली पीयूसी ते मोजतही नाही.

प्रयोगशाळेतला आकडा आणि रस्त्यावरचा धूर यांतली दरी जगाने सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या प्रकरणात पाहिली. चाचणी सुरू आहे हे ओळखून इंजिनाची वागणूक बदलणारे सॉफ्टवेअर अमेरिकेत उघड झाले. भारतात पुण्याच्या एआरएआय या संस्थेने तपासणी केली आणि कंपनीने त्याच वर्षी सुमारे ३.२३ लाख गाड्या परत बोलावल्या. नव्या गाड्यांसाठी आता भारतातही एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावरच्या उत्सर्जनाची अट आहे. पण ती कारखान्यातून निघणाऱ्या मॉडेलला लागते. पाच वर्षे वापरलेल्या, दोनदा सर्व्हिस चुकलेल्या गाडीला नाही.

बाहेरच्या देशांनी निवडलेल्या वाटा वेगवेगळ्या आहेत. कॅलिफोर्नियाने जुन्या गाड्यांसाठी रोलरवर चालवून भाराखाली तपासणी ठेवली, आणि २००० नंतरच्या बहुतेक गाड्यांसाठी २०१५ पासून गाडीच्या स्वतःच्या संगणकाला प्रश्न विचारायला सुरुवात केली. ओबीडीच्या, म्हणजे गाडीतल्या या आत्मनिदान प्रणालीच्या, सॉकेटला जोडणी केली की साठलेले दोष वाचता येतात. बॅटरी काढून दोष पुसणारे हुशार तिथेही होते. म्हणून संगणकाने आपल्या आतल्या तपासण्या पूर्ण केल्या आहेत का, हेही पाहिले जाते. अपूर्ण असतील तर गाडी परत. भारतातल्या मोटारींतही ओबीडी बऱ्याच वर्षांपासून आहे, पण पीयूसीच्या केंद्रात त्या सॉकेटला कुणी हात लावत नाही.

युरोपने कण मोजायला घेतले. बेल्जियमने जुलै २०२२ पासून, नेदरलँड्सने जानेवारी २०२३ पासून आणि जर्मनीने त्याच वर्षी जुलैपासून डिझेल गाड्यांच्या नियतकालिक तपासणीत कणांची प्रत्यक्ष संख्या मोजण्याची यंत्रे आणली. फिल्टर फुटलेला किंवा काढलेला असेल तर हे यंत्र आयडलिंगवरच, अर्ध्या मिनिटात सांगते.

हे सारे भारतात आणायला हरकत खर्चाची. देशातल्या नोंदणीकृत वाहनांत साधारण तीन चतुर्थांश दुचाकी आहेत. ५० रुपयांच्या चाचणीत कण मोजणारे यंत्र बसत नाही. म्हणून एक मधला प्रस्ताव असा की, व्यावसायिक वाहनांपासून सुरुवात करावी. त्यांना एरवीही पासिंगसाठी जावे लागते, आणि माणसाच्या नजरेऐवजी यंत्रांवर चालणारी स्वयंचलित तपासणी केंद्रे सरकार उभारतच आहे. चाचणी करणारा आणि गाडी दुरुस्त करणारा वेगळा असावा, हे या केंद्रांमागचे तत्त्व आहे. टीकाकार म्हणतात की केंद्रे मोजकी असतील तर रांगा लागतील आणि रांगेतून एजंट उगवतील.

रस्त्यालगतचा डोळा

तिसरी बाजू नळीच बाजूला ठेवते. डेन्व्हर विद्यापीठातल्या डोनाल्ड स्टेडमन यांच्या गटाने १९८० च्या दशकात रस्त्याच्या कडेने प्रकाशझोत सोडून धावत्या गाडीचा धूर मोजण्याचे यंत्र बनवले. त्यांच्या मोजणीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली: थोड्याच गाड्या बहुतेक प्रदूषण करतात. कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत सुमारे एक दशांश गाड्या निम्म्या वायूला कारणीभूत होत्या. हे खरे असेल तर दहा गाड्यांना रांगेत उभे करण्यापेक्षा ती एक शोधून काढणे स्वस्त पडते.

कोलकात्याने अशी यंत्रे २००९ पासून वापरली. दिल्ली आणि गुरुग्राममध्ये इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन या संस्थेने एक लाखाहून अधिक मोजण्या घेऊन २०२४ मध्ये निष्कर्ष मांडले. बीएस-४ पेक्षा बीएस-६ खासगी मोटारींचा नायट्रोजन ऑक्साइड्सचा आकडा ८१ टक्क्यांनी कमी निघाला, म्हणजे नवे मानक काम करते. त्याच वेळी स्वच्छ म्हणून नावाजलेल्या सीएनजीच्या काही मालवाहू गाड्या प्रयोगशाळेच्या मर्यादेच्या चौदापट नायट्रोजन ऑक्साइड्स सोडताना आढळल्या. मुंबईत सीएनजी म्हणजे स्वच्छ हवा ही समजूत पक्की आहे, त्यामुळे हा निष्कर्ष इथल्या वाचकाने जरा थांबून वाचावा.

मर्यादा याही पद्धतीला आहेत. एका क्षणाच्या मोजणीवर दंड करता येईल का, चढावर जोर लावणारी गाडी आणि बिघडलेली गाडी यांत फरक कसा करायचा, वाऱ्यापावसात यंत्र किती भरवशाचे, हे कायदेशीर आणि तांत्रिक प्रश्न आहेत. म्हणून ही मोजणी शिक्षेसाठी नको, गाडीला फेरतपासणीला बोलावण्यासाठी वापरा, असे तिच्या समर्थकांपैकी अनेकांचे म्हणणे आहे.

वय की प्रकृती

सर्वांत तापलेला वाद आयुष्याचा. दिल्लीत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१५ च्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशांनी दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर इंधन नाकारायला सुरुवात झाली आणि लोकांच्या नाराजीमुळे काही दिवसांतच ती थांबवावी लागली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयावरून कारवाई नको, असा अंतरिम दिलासा दिला. डिसेंबरमध्ये तो बीएस-४ आणि त्यापुढच्या वाहनांपुरता ठेवला. म्हणजे वयाऐवजी तंत्रज्ञानाची पिढी, असा तिसरा निकष पुढे आला.

मुंबईला हा वाद नवा नाही. स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरमच्या याचिकेनंतर १९९९ च्या अखेरीस व्ही. एम. लाल समिती नेमली गेली, आणि त्या काळातल्या न्यायालयीन आदेशांनंतर जुन्या काळी-पिवळ्या टॅक्सी सीएनजीकडे वळल्या. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतलेल्या प्रकरणात पेट्रोल-डिझेल वाहने टप्प्याटप्प्याने हटवणे शक्य आहे का, हे पाहायला सांगितले. राज्याने निवृत्त सनदी अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली.

वयाच्या बाजूने मुद्दा असा की नियम सोपा आहे, त्यात लाचेला जागा कमी. प्रकृतीच्या बाजूने असा की, वर्षाला पाच हजार किलोमीटर चालणारी, वेळेवर ऑइल बदललेली निवृत्त शिक्षकाची गाडी आणि दिवसाला दोनशे किलोमीटर धावणारा टेम्पो यांना एकच तारीख लावणे न्यायाचे नाही. पण प्रकृती पाहायची तर परीक्षा विश्वासार्ह हवी, आणि ती तशी नाही हे तर आधीच नोंदले गेले आहे. वयाच्या निकषाचे विरोधक इथे अडचणीत येतात: पीयूसीवर अविश्वास दाखवायचा आणि तिच्याच भरवशावर जुनी गाडी ठेवू द्या म्हणायचे, हे एकत्र चालत नाही.

अजून न सुटलेले

रिजेक्शन स्लिपनंतर काय, हा पहिला लोंबकळता प्रश्न आहे. नवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा डीपीएफ जुन्या गाडीच्या किमतीच्या मानाने फार महाग पडतो. रोजच्या कमाईवर चालणाऱ्या रिक्षा-टेम्पोच्या मालकाला दुरुस्तीसाठी मदत द्यायची की गाडी मोडीत काढायला, याचे उत्तर राज्याराज्यांत वेगळे आहे. कॅलिफोर्निया पात्र मालकांना दोन्हींसाठी पैसे देते. आपल्याकडे २०२१ च्या वाहन स्क्रॅपेज धोरणापासून भर मोडीत काढण्यावर आहे.

दुसरा प्रश्न लेखापरीक्षणाचा. ‘वाहन’मध्ये लाखो चाचण्यांचे आकडे साठतात. एकाच केंद्रावर लागोपाठ आलेल्या वेगवेगळ्या गाड्यांचे आकडे दशांश चिन्हापर्यंत सारखे असतील तर ते संगणकाला सहज कळेल. ही छाननी परिवहन विभागाने करायची, प्रदूषण नियंत्रण मंडळाने की बाहेरच्या संस्थेने, यावर मतभेद आहेत.

आणि तिसरा प्रश्न सायलेन्सरच्या पलीकडचा. विजेच्या गाडीला पीयूसी लागत नाही. पण ब्रेक आणि टायर झिजून उडणारी धूळ तिच्यातूनही निघते. युरोपच्या युरो-७ नियमांत पहिल्यांदाच ब्रेकच्या कणांना मर्यादा घातली आहे: पूर्णपणे विजेवरच्या मोटारीला किलोमीटरमागे ३ मिलिग्रॅम, बहुतेक इतर मोटारींना ७. नव्या मॉडेलांना ती नोव्हेंबर २०२६ च्या अखेरीपासून लागू होते. आपल्या पीयूसीच्या कागदावर ब्रेक आणि टायरसाठी रकाना नाही.